घड्याळातले ठोके आणि गोळ्यांची चिठ्ठी

सांगलीत कृष्णाकाठी पहाटे फिरायला येणाऱ्यांत अलीकडे एक नवी सवय दिसते. चार पावले चालले की मनगट वर करून घड्याळ पाहायचे. वेळ बघायला नव्हे, हृदयाचे ठोके मोजायला. "डॉक्टर, माझे १३० झाले, चालेल ना?" असे मला रस्त्यात थांबवून विचारले जाते. मी आता आधी उलट विचारतो, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" हे विचारायला मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून ती चूक आधी सांगतो.

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक गृहस्थ, वय ५६. रक्तदाबासाठी मीच त्यांना मेटोप्रोलोल सुरू केलेली. मुलाने पुण्याहून ठोके मोजणारे घड्याळ पाठवले, ते घेऊन ते आले. "किती ठोक्यांपर्यंत जाऊ?" दवाखान्यात गर्दी होती. मी घाईघाईत नेहमीचा हिशेब सांगितला. २२० मधून वय वजा केले की १६४, त्याचे ६० ते ८० टक्के म्हणजे सुमारे ९८ ते १३१. "१२० धरून चाला," म्हणालो आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

तीन आठवड्यांनी ते तक्रार घेऊन आले. कितीही भराभर चालले तरी आकडा १०५ च्या वर सरकत नव्हता, म्हणून त्यांनी पळायला सुरुवात केली होती. आणि उठता उठता म्हणाले, "पळताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, थांबलं की जातं." मी त्यांना परत खाली बसवले. मेटोप्रोलोलचे कामच मुळी ठोके आवरून धरण्याचे. ही गोळी घेणाऱ्याचा आकडा इतरांसारखा चढत नाही. तो चढवायच्या नादात ते हृदयाकडून झेपणार नाही इतके काम करून घेत होते. लगेच कार्डिओग्राम काढून त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली, स्टेंट घालावा लागला. चिठ्ठीवर गोळीचे नाव माझ्याच अक्षरात होते.

तेव्हा अॅटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांपैकी काही चालू असेल तर घड्याळातले तयार आकडे आपल्यासाठी नाहीत, हे पक्के समजावे. अर्धशिशी किंवा हात थरथरणे यासाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलोलही त्याच घराण्यातली. पण हे वाचून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते अधिक धोक्याचे आहे.

गोळी नसली तरी '२२० वजा वय' हा हिशेब ढोबळच. तो १९७० च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला आणि व्यायामशाळांच्या भिंतींवर जाऊन बसला. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत कमाल ठोक्यांचा वीस-वीसचा फरक सहज असतो. २००१ साली '२०८ वजा वयाचे सात दशांश' असे सुधारित सूत्र आले, तेही सरासरीच.

यंत्राचेही तसेच. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकात छातीच्या पट्ट्याचे बिनतारी यंत्र खेळाडूंसाठी बाजारात आणले. ते हृदयातील विजेचे स्पंदन टिपते, त्यामुळे बरेच भरवशाचे. मनगटी घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची ये-जा पाहते. पट्टा सैल असला, हात जोरात हलला की ते चुकते. कधी कधी तर पावलेच ठोके म्हणून मोजते!

शिवाय आकडा जागेप्रमाणे बदलतो. माझे मूळ गाव सातारा. सांगलीच्या सपाटीवर ज्या वेगाने चालताना माझी नाडी ११० असते, त्याच वेगाने यवतेश्वरचा घाट धरला की पहिल्या काही वळणांतच ती १४० ओलांडते. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. सांगलीच्या सपाटीवर तयारी करून तिथे जाणाऱ्यांनी घाटात वेग सोडावा, श्वास धरावा. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हातही तेच. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, घामाने पाणी जाते आणि त्याच चालीला ठोके वाढतात.

मग या यंत्राचा उपयोग काय? मला तो शाळेत जास्त दिसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल गावी फिल लॉलर नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने १९९० च्या दशकात मुलांच्या छातीला असे यंत्र लावले. धावण्यात मागे राहणाऱ्या एका मुलीचे ठोके पाहिले तर १८० च्या पुढे! म्हणजे ती बिचारी जीव तोडून धावत होती. आपल्याकडे अशा मुलाला 'आळशी' म्हणून आणखी एक फेरी मारायला लावतात. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण वर्गातल्या चाळीस मुलांना एकाच वेगाने मोजणे बरोबर नव्हे. धावताना चक्कर येऊन पडणारे मूल, किंवा ज्याच्या घरी कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे असे मूल, भरतीच्या किंवा शर्यतीच्या सरावाला लावण्याआधी तपासून घ्यावे.

आणि यंत्र हवेच असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे ठेवा, अंगठा नको. चालणे थांबताच १५ सेकंद मोजा, चाराने गुणा. सावकाश चालत एक मिनिट गेल्यावर पुन्हा मोजा. नाडी भराभर उतरली तर चांगले. १२ ठोकेही उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका जोर बहुतेकांना पुरतो. छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, गरगरले, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर घड्याळात ९० असोत की १५०, तिथेच थांबायचे. थांबूनही बरे वाटले नाही तर घरी न जाता थेट दवाखाना गाठायचा.

आमचे ते गृहस्थ आता तज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज पाऊण तास शेजाऱ्यांबरोबर चालतात. घड्याळ अजून लावतात. त्यात ९५ ते १०० दिसतात आणि गप्पा चालू असतात.