राजीनाम्याआधी वसुली

अगं, नोकरी सोडून वेबसाइटची कामं स्वतःच घ्यायची म्हणतेस ना? घे की. 'बांधलेला पगार सोडू नकोस' असं आईसारखं मी म्हणणार नाही. फक्त तारीख कशावरून ठरवलीस ते सांग. साहेबांशी वाजलं म्हणून ठरवली असशील, तर थांब जरा.

आपल्याकडे काम मिळतं. लातूरच्या ट्युशन एरियात क्लासेसच्या पाट्यांना पाट्या भिडल्यात, नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये दवाखान्यांची रांग आहे, शिवाय डाळमिल, मंगल कार्यालयं. अवघड आहे ती वसुली. क्लासवाल्याला साइट हवी नीटचा निकाल लागायच्या आत, कारण ॲडमिशनची गर्दी त्यानंतर. पैसे देणार मात्र फीचे हप्ते जमल्यावर. आडत्याचा, खतवाल्याचा पैसा फिरतो सोयाबीन मोंढ्यात आल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीला. त्याआधीचा सगळा पावसाळा 'बघू की, देऊ की' मध्ये जातो. त्यामुळे पुण्यातले लोक सांगतात तसं नुसतं 'सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव' म्हणून भागत नाही. कुठले सहा महिने, ते बघावं लागतं. मी तर म्हणेन, राजीनामा दिवाळीनंतर दे. तोवर जुनी येणी वसूल कर, मग क्लासेसचा हंगाम हाताशी येईल, आणि पुढच्या पावसाळ्याला गाठीशी काहीतरी असेल.

आता हिशोब. किती कामं हातात आहेत ते मला सांगू नकोस. रात्री जागून, रविवारी बसून केलेल्या कामांचे खात्यात किती आले, तेवढंच सांग. 'दादा म्हणालेत देतो' हे उत्पन्न नव्हे. आणि हो, नियुक्तीपत्र काढून वाच. बाहेरचं काम करायला मनाई असेल तर त्यात लिहिलेलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचं काम अजिबात नको.

इसार घेतल्याशिवाय फाइल उघडायची नाही. माळेगावच्या यात्रेत इसार हातात पडल्याशिवाय कुणी घोडं सोडतं का? अर्धे पैसे आधी, उरलेले साइट चालू करण्याआधी. डोमेन मात्र गिऱ्हाइकाच्याच नावावर घे. पैसे अडले म्हणून त्याचं नाव आपण अडवून ठेवणं मला पटत नाही. शिवाय लातूर केवढंसं, दुसऱ्या दिवशी गंजगोलाईत चर्चा.

उद्यम नोंदणी पुढचं काम घेण्याआधीच कर. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, कुणा एजंटाला पैसे देऊ नकोस. २००६च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. ओळखीच्या माणसावर तक्रार तू करणार नाहीस, मला ठाऊक आहे. पण बिलाखाली हे एका ओळीत छापलेलं असलं की मागताना संकोच कमी होतो. जीएसटीचं ओझं वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेल्यावर. त्याची काळजी आत्ता नको.

दर लावताना एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे मजकूर. गिऱ्हाईक छापखान्यातून श्रीलिपीत टाइप केलेली फाइल आणून देतं. ब्राउझरमध्ये टाकली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलली तरी जोडाक्षरं, रफार कुठेतरी बिघडतातच. ओळ न् ओळ तपासावी लागते. डिझाइनपेक्षा जास्त रात्री यातच जातात, आणि त्याचे पैसे कुणी मांडत नाही. तू वेगळे मांड. नीट मराठी दिसणारी साइट हेच तुझं भांडवल आहे. 'मुक्ता'सारखा चांगला देवनागरी फॉन्ट फुकट मिळत असताना दवाखान्याच्या साइटवर वेडीवाकडी मराठी का असावी?

राजीनाम्याआधीच उरकायच्या गोष्टी: कर्ज काढायचं असेल तर पगाराच्या स्लिपा हातात असताना काढ, नंतर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. ईएसआयसी किंवा कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा स्वतःची आरोग्य पॉलिसी आत्ताच घे. पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांब.

घरच्यांचं मात्र आधीच ठरवून घे. घरी असलेली पोरगी म्हणजे रिकामी पोरगी, असंच धरतात आपल्याकडे. गॅसवाला आला, पाहुणे आले, 'तू घरीच आहेस ना'. सकाळी दहा ते दोन दार बंद, हे पहिल्याच दिवसापासून. लाईट जाते, म्हणून इन्व्हर्टर हा खर्चात धरलेला असू दे.

आज कुणाकडे किती येणं आहे त्याची यादी करून मला पाठव. दिवाळीपर्यंत त्यातले निम्मे तरी खात्यात आले नाहीत, तर यंदा राजीनामा देऊ नकोस.