मशीन न लावता भरलेली दाढ टिकते का?

प्रश्न : आश्रमशाळेच्या शिबिरात दंतवैद्यांनी माझ्या मुलीच्या दाढेतली कीड मशीन न लावता हातानेच खरवडून काढली आणि सिमेंट भरलं. ते सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राचे डॉक्टर होते म्हणे. दवाखान्यासारखं पक्कं काम का केलं नाही?
– एक पालक, घोडेगाव (ता. आंबेगाव)

उत्तर : काम पक्कंच आहे, काळजी करू नका. ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठी सुरू झाली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तिचा पुरस्कार केला. किडून मऊ पडलेला भाग तेवढा छोट्या चमच्यासारख्या अवजाराने काढतात आणि ग्लास आयोनोमर सिमेंट दाबून बसवतात. ते दाताला धरून राहतं, शिवाय त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं. इंजेक्शनची गरज सहसा पडत नाही. चावण्याच्या बाजूला एकच खड्डा असेल तर असं सिमेंट वर्षानुवर्षं टिकतं. दोन दाढांच्या फटीतली कीड असेल तर मात्र ते लवकर निघू शकतं. तेव्हा दाढ अधूनमधून दाखवत राहा.

हे डॉक्टर बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस करतात. फक्त भाषणं देणं आणि ब्रश वाटणं एवढंच त्यांचं काम, हा समज चुकीचा आहे. तोंड उघडून पाहताना त्यांच्या मनात आणखी एक हिशेब चालू असतो: आहुपे किंवा हातवीजकडचं मूल पुन्हा मंचरला, जुन्नरला येऊ शकेल का? रूट कॅनलला बहुधा दोन-तीन खेपा लागतात, आणि प्रत्येक खेपेला आईबापाचा रोज बुडतो. म्हणून एका बैठकीत पुरं होईल आणि नंतर बिघडणार नाही, असा उपचार ते निवडतात. माझ्या मते ही निवड करणं दाढ भरण्याइतकंच कसबाचं काम आहे.

त्याच बैठकीत ते सोबत आलेल्या आजीचंही तोंड पाहतात, कारण आपल्याकडे मिशरीची सवय अजून गेलेली नाही. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत, उलट कर्करोगाचा धोका वाढतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे कायमची दाढ येते. त्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजून किडू दिली जाते. मुलीची ती दाढ आज उजेडात पाहा. आणि घरात कुणाच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात लगेच दाखवा.