ही बातमी की जाहिरात?

प्रश्न : निवडणुकीत बीडच्या दोन-तीन दैनिकांत एकाच उमेदवाराचं कौतुक शब्दशः सारखं छापून येतं. तक्रार कुठे करावी? – एक वाचक, गेवराई

उत्तर : मजकूर जसाच्या तसा, वार्ताहराचं नाव नाही, विरोधकाची बाजू नाही, ही ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे देऊन छापवलेल्या बातमीची लक्षणं. २००९च्या विधानसभा निवडणुकीतले असेच मजकूर पत्रकार पी. साईनाथ यांनी उजेडात आणले होते. २०२४ला बीड लोकसभेचा निकाल अवघ्या ६,५५३ मतांनी लागला; अशा चुरशीत छापील कौतुकही पारडं फिरवू शकतं. सगळे अंक तारखेसह जपा. आचारसंहितेच्या काळात जिल्हाधिकारी कार्यालयातील माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे लेखी तक्रार करा. एरवी आधी संपादकाला लिहा. दाद न मिळाल्यास प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिकांसाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने आहे, ती चुकवू नका.