कुष्ठरोग : मज्जातंतूंवर घाव कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यात हळद शिजविण्याचा हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा एखाद्या मजुराचा हात भाजावा आणि त्याला ते फोड दिसेपर्यंत कळूच नये, ही गोष्ट निष्काळजीपणाची समजू नये. कुष्ठरोगाने त्या हाताची संवेदना नेलेली असू शकते.

हा रोगजंतू बोटे खातो, असा समज अजूनही आढळतो. तो खरा नाही. नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू अतिशय मंदगती आहे. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्वचेलगतच्या, तुलनेने थंड अशा मज्जातंतूंच्या आवरणपेशींत तो वर्षानुवर्षे निमूटपणे राहतो. मोठी हानी होते ती शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते तेव्हा. संरक्षक पेशींची गर्दी होऊन मज्जातंतू सुजतो. त्याचे वेष्टन फारसे ताणले जात नसल्याने आतला दाब वाढतो व रक्तपुरवठा तुटतो. जंतू गिळणाऱ्या पेशींनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडमुळेही मज्जातंतूंना इजा होते, असे २०१७ मध्ये झेब्रा माशांवरील प्रयोगांत दिसले. उंदीर मारण्यासाठी कडब्याची गंजी पेटवावी, तसाच हा प्रकार!

मेलेल्या जंतूंचे अवशेषही हा भडका उडवू शकतात. म्हणून औषधोपचार चालू असताना, किंवा तो पूर्ण होऊन रुग्णाचे नाव यादीतून कमी झाल्यावरही, ही प्रतिक्रिया उद्भवते. चट्टे लाल होऊन सुजतात, कोपरामागची शीर दुखते, करंगळी वाकू लागते, पाऊल उचलत नाही, डोळा पूर्ण मिटत नाही. “गोळ्या बाधल्या” असे म्हणून रुग्ण औषध सोडतो, आणि खरे नुकसान तेथेच होते. वास्तविक बहुविध औषधोपचार चालूच ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन द्यावयाचे असते. दुर्बलता येऊन सहा महिने होण्याच्या आत हा उपचार सुरू झाल्यास गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते. पुढे मात्र आशा कमी होत जाते.

हा अवधी प्रथम दिसतो तो दवाखान्याबाहेर. वर्गात मुलाच्या बोटांतून लेखणी निसटते, ग्रामसभेच्या नोंदवहीत नेहमीची सही वाकडी उमटते, चालताना पायातील चप्पल नकळत गळून पडते. अशा व्यक्तीस त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि तिने पूर्वी कुष्ठरोगाचे औषध घेतले असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.