अपमान आणि रक्तदाब : नॅन्सी क्रीगर यांच्या संशोधनाची ओळख

वस्तीत आरोग्य शिबिर लागले की रक्तदाब तपासणीच्या टेबलापुढे रांग लागते. आकडा १४०/९० च्या वर गेला की ठरलेले प्रश्न येतात : मीठ किती खाता, तंबाखू आहे का, घरात आणखी कुणाला बी.पी. आहे का. प्रश्न योग्यच आहेत. पण कामाच्या ठिकाणी तुम्हाला कसे वागवतात, हे त्या टेबलावर कुणी विचारत नाही. हाही आरोग्यशास्त्राचाच प्रश्न आहे, असे आकड्यांनिशी मांडणाऱ्यांत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक नॅन्सी क्रीगर यांचे नाव पुढे येते. त्यांच्या काही निबंधांचा अभ्यास आपण या पानावर करू.

क्रीगर यांचा विषय साथरोगशास्त्र. नाव जुने असले तरी हे शास्त्र आता केवळ साथींचा विचार करत नाही. एका रोग्याऐवजी संपूर्ण लोकसमूहाकडे पाहून कोणता आजार कुणाला जास्त होतो आणि का, याचा ते शोध घेते.

त्यांचा पहिला गाजलेला निबंध १९९० चा. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यातल्या १०१ स्त्रियांना, म्हणजे ५१ कृष्णवर्णीय आणि ५० गोऱ्या स्त्रियांना, फोनवरून प्रश्न विचारले होते. अन्याय झाला तर तुम्ही काय करता? निमूट सोसता, की काही करता आणि कुणाला सांगता? कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ज्या सोसून गप्प राहतात त्यांच्यात उच्च रक्तदाब असल्याचे सांगण्याची शक्यता, बोलणाऱ्या आणि काही कृती करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४.४ पट होती. अभ्यास लहान होता आणि रक्तदाबाची माहिती स्त्रियांनी स्वतः सांगितलेली होती, यंत्राने मोजलेली नव्हती. तेवढ्यावर निष्कर्ष काढणे धाडसाचे झाले असते.

म्हणून १९९६ चा निबंध महत्त्वाचा. स्टीफन सिडनी यांच्यासह लिहिलेल्या या अभ्यासात चार हजारांहून अधिक तरुण कृष्णवर्णीय आणि गोरे स्त्री-पुरुष होते, आणि रक्तदाब प्रत्यक्ष मोजलेला होता. सात ठिकाणे देऊन विचारले गेले की वर्णामुळे तुम्हाला येथे भेदभाव सोसावा लागला का : शाळेत, नोकरी मिळवताना, कामावर, घर शोधताना, दवाखान्यात, रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी, आणि पोलीस-कोर्टात. ही यादी वाचताना आपल्या वाचकांना ती परकी वाटणार नाही.

उत्तर मात्र सरळ आले नाही. कष्टकरी कृष्णवर्णीयांमध्ये ‘भेदभाव एकाही ठिकाणी झाला नाही’ आणि ‘अन्याय झाला तर मी सोसतो’ असे सांगणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारे ७ अंकांनी जास्त निघाला. तुलना कुणाशी? एक-दोन ठिकाणी भेदभाव झाल्याचे सांगणाऱ्या आणि त्याला विरोध करणाऱ्यांशी. म्हणजे ‘नाही’ म्हणणारे अधिक सुखी नव्हते. मोठ्या हुद्द्यावरच्या कृष्णवर्णीयांत चित्र वेगळे होते : ज्यांना भेदभाव भेटला नाही आणि जे अन्यायाला आव्हान देतात, त्यांचा रक्तदाब ९ ते १० अंकांनी कमी होता. एकच ‘नाही’, पण हमालाच्या तोंडी त्याचा अर्थ एक आणि अधिकाऱ्याच्या तोंडी दुसरा. क्रीगर यांनी सुचवले की ज्याच्या हाती सत्ता कमी, त्याला भेदभावाला भेदभाव म्हणणेही अवघड जाते. तो म्हणतो, चालायचंच. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ‘तुम्हाला कुणी कमी लेखले का’ असे विचारून पाहा. कित्येक जण आधी ‘नाही’ म्हणतील आणि चहा होईपर्यंत वेगळ्या कपाची गोष्ट सांगतील.

येथे एक सावधगिरी बाळगू. असे अभ्यास एका वेळचे चित्र दाखवतात. त्यावरून गप्प बसल्यानेच रक्तदाब वाढला असे सिद्ध होत नाही. आणि गप्प बसणे हा त्या माणसाचा दोष असे तर मुळीच नाही. रोजंदारी जाण्याची भीती असताना बोलणे सोपे नसते.

दोन अभ्यासांच्या मधल्या काळात, १९९४ मध्ये, क्रीगर यांनी एक निबंध लिहिला. तो आजही साथरोगशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. आजारांची कारणे कोळिष्टकासारखी एकमेकांत गुंतलेली असतात, असे तेव्हा सगळे म्हणत. क्रीगर यांनी विचारले, कोळिष्टक सर्वांना दिसते, पण ते विणणारा कोळी कुणी पाहिला आहे का? मीठ, वजन, व्यसन हे धागे झाले. ते धागे कुणाच्या वाट्याला जास्त यावेत हे ठरवणारी समाजरचना कुठे आहे? आपण जगतो तो समाज आपल्या शरीरात उतरतो, हा त्यांच्या सिद्धांताचा गाभा.

त्याचा ठळक पुरावा त्यांच्या २०१३ च्या निबंधात आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ‘जिम क्रो’ नावाने ओळखले जाणारे वर्णभेदाचे कायदे होते; शाळा, बस, इस्पितळ सगळे वेगळे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते मोडीत निघाले. क्रीगर आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांच्या मृत्यूंची नोंद तपासली. १९६०-६४ मध्ये या राज्यांत कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदर, इतर राज्यांतील कृष्णवर्णीय बाळांच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी जास्त होता. १९७० नंतरच्या काही वर्षांत हा फरक जवळजवळ मिटला. कायदा बदलला आणि पाळण्यातली बाळे जगू लागली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय बाळांमधली दरी मात्र तशीच राहिली. एका कायद्याने सगळे होत नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

या परंपरेचे एक मूळ आपल्या ओळखीचे आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्याच ड्यू बॉइस यांनी १९०६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर ग्रंथ संपादित केला होता. त्यांचे आजार वंशातून आलेले नाहीत, राहणीच्या परिस्थितीतून आलेले आहेत, असे त्यात आकडेवारीने दाखवले होते.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती असे रकाने असतात. पण रकाना तुम्ही कोण ते सांगतो, तुमच्याशी कोण कसे वागले ते सांगत नाही. ती उणीव भरण्याचे काम थोड्यांनी केले. संघमित्रा आचार्य यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुजरात आणि राजस्थानच्या गावांतील दलित मुलांना औषध देताना, तपासताना, बोलताना कसे वागवले जाते याची नोंद आहे. असे अभ्यास महाराष्ट्रातल्या वस्त्यांतही व्हायला हवेत. समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना प्रबंधाचा विषय शोधावा लागतो. हा विषय समोरच आहे.

शिबिराच्या अर्जात दोन ओळी आजही वाढवता येतील. पहिली, वरच्या सात ठिकाणांची यादी, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. एकूण ‘भेदभाव झाला का’ असे मोघम विचारू नये. ठिकाणाचे नाव घेतले की आठवते. दुसरी, असे झाले तर तुम्ही काय करता : गप्प राहता, कुणाला सांगता, की काही करता? हे प्रश्न मुकादम किंवा सासू शेजारी उभी असताना विचारू नयेत, बाजूला बसवून विचारावेत. उत्तरापुढे नाव लिहू नये. आणि ज्याचा आकडा वाढलेला आहे त्याला गप्पांत गुंतवून तसेच घरी पाठवू नये; डॉक्टरांची चिठ्ठी हातात द्यावी, चालू असलेली गोळी बंद करू नका हे सांगावे आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून द्यावी.