पत्ता जप, वाट बदल

हे बघ, मोताळा तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक म्हणून बसलीस, म्हणजे जुलैअखेरची पीक विम्याची गर्दी तुझ्याच टेबलापुढे येणार. नेमकी तेव्हाच केबल निघाली की माणूस गडबडतो, दिसेल ते बटण दाबतो. म्हणून त्या क्षणी यंत्राच्या आत काय होतं, ते आत्ताच समजून घे.

तार निघाल्याचं संगणकाला लगेच कळतं, कारण काम चालू नसतानाही तारेच्या दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना खुणा पाठवत असतात. त्या थांबल्या की जॅकशेजारचा हिरवा दिवा विझतो. पुढे मात्र ज्याची त्याची रीत वेगळी. विंडोज त्या जोडणीचा आयपी पत्ता बाजूला काढतं आणि त्यावर चाललेली कामं तुटतात. लिनक्सचा गाभा पत्ता तसाच ठेवतो. पाठवलेलं पोचलं नाही, तर थांबून थांबून पुन्हा पाठवतो. नेहमीच्या सेटिंगवर हे साधारण 15 मिनिटं चालतं. तेवढ्यात कुणी पत्त्याला हात लावला नाही आणि तार परत बसली, तर काम थांबलं होतं तिथूनच पुढे सरकतं.

मला ही धीराची रीत पटते. कुणाचा पाय अडकून तार निघते, कुणीतरी ती लगेच लावतं. तेवढ्यासाठी मांडलेला डाव कशाला मोडायचा? पण नुसता धीरही कामाचा नाही. शेजारी वाय-फाय चालू असताना बंद तारेवरच माहिती ढकलत राहण्यात काय अर्थ? लिनक्समध्ये असा मार्ग वगळायचं सेटिंग 2015 मध्ये आलं, आणि तेही आपल्याला मुद्दाम चालू करावं लागतं. तार परत लागल्यावर ‘आपण आधीच्याच नेटवर्कमध्ये आहोत ना?’ हेही राउटरला विचारून घ्यायला हवं. 2006 सालच्या आरएफसी 4436 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ती पद्धत लिहिलेली आहे. म्हणून माझं मत पक्कं आहे: यंत्राने पत्ता जपावा, वाट लगेच बदलावी आणि परतल्यावर खात्री करून घ्यावी.

आता खरी फसगत कुठे होते, ते ऐक. दिवा हिरवा असतो आणि नेट नसतं. 2011 साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचं फायबर ग्रामपंचायतीत येतं ते ओएनटी नावाच्या डबीपर्यंत. डबीतून तुझ्या संगणकापर्यंत साधी तांब्याची केबल. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं, तर डबीवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल होतो. पण डबी ते संगणक ही तार धड असते, त्यामुळे जॅकचा दिवा हिरवाच राहतो. संगणकाला फक्त पहिल्या टप्प्याची तार कळते, मग ते विंडोज असो की लिनक्स. म्हणून आधी डबीकडे बघ. एलओएस लाल असेल, तर संगणक कितीदाही बंद-चालू केलास तरी उपयोग नाही. सरळ तक्रार नोंदव.

डबी ठीक असेल तर जॅक बघ. त्याची प्लास्टिकची जीभ मोडली असेल, तर तो ‘खट्’ करून बसतच नाही. वरून चिकटपट्टी लावून भागवू नकोस, नवा जॅक क्रिंप करून घे. पूर्ण निघालेली तार परवडली, पण मिनिटामिनिटाला लागणारी-सुटणारी नको. दर वेळी जोडणीची बोलणी पहिल्यापासून होतात. आणि केबल भिंतीच्या कडेने ने, लोकांच्या पायात येऊ देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मनात पक्की धर. लाइन गेली म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलीस की बाहेर दिसणारा तुझा पत्ता बदलतो, त्यामुळे पोर्टल तुला पुन्हा लॉगिन करायला लावू शकतं. त्याने घाबरायचं नाही. पण पैसे भरताना तुटलं, तर दुसऱ्यांदा भरायची घाई अजिबात करू नकोस. आधी अर्जाची स्थिती बघ, खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला का ते विचार. आणि समोर बसलेल्या काकांना खरं काय ते सांग: “लाइन गेली आहे. तुमचा अर्ज पोचला की नाही, ते पाहिल्याशिवाय मी तुम्हाला घरी पाठवणार नाही.” शेवटच्या तारखेची धास्ती तुझ्यापेक्षा त्यांना जास्त असते गं.