घटक ४ : पेट्रोलच्या दरातील प्रादेशिक व कालिक तफावत

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• पेट्रोलच्या किरकोळ दराचे घटक सांगता येतील.
• विशिष्ट कर आणि मूल्याधारित कर यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• दरातील तफावतीमागे अंतर, कर आणि कच्च्या तेलाची किंमत यांचा वाटा किती, हे ठरविता येईल.

४.१ प्रास्ताविक

सांगली जिल्ह्यातील पलूस तालुका ऊस, द्राक्षे आणि दूध यांसाठी ओळखला जातो. कुंडलच्या साखर कारखान्याकडे जाणारा ऊस, भिलवडीच्या दूध प्रकल्पात पोहोचणारे दूध आणि शहरांच्या बाजारपेठांकडे निघालेली द्राक्षे ही सर्व इंधनावर चालणाऱ्या वाहनांतूनच जातात. त्यामुळे पंपावरील दरफलक बदलला की त्याचा परिणाम वाहनधारकापुरता मर्यादित राहत नाही. तो शेतकऱ्याच्या हाती उरणाऱ्या रकमेपर्यंत पोहोचतो.

याच तालुक्यात हजारवाडी येथे हिंदुस्तान पेट्रोलियमचे इंधन साठवण केंद्र आहे. तरीही येथील पेट्रोल दिल्लीपेक्षा महाग असते. मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. माहुल-ट्रॉम्बे परिसरात दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने असूनही जुलै २०२४ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला १०३.४४ रुपये होते, तर दिल्लीत ९४.७२ रुपये. ‘जेथे माल तयार होतो तेथे तो स्वस्त’ हा सर्वसाधारण समज येथे लागू पडत नाही. असे का होते, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

४.२ किरकोळ दराचे घटक

पंपावरील दर पाच घटकांचा मिळून बनतो : (१) तेल कंपनीने विक्रेत्याला आकारलेली मूळ किंमत, (२) वाहतूक खर्च, (३) केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क व उपकर, (४) विक्रेत्याचे कमिशन आणि (५) राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर, म्हणजेच व्हॅट.

यांपैकी दोन करांचे स्वरूप भिन्न आहे. उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत आकारले जाते. मूळ किंमत वाढो वा घटो, त्यात फरक पडत नाही. अशा कराला ‘विशिष्ट कर’ म्हणतात. व्हॅट मात्र मुख्यतः टक्केवारीने आकारला जातो. किंमत वाढली की तोही वाढतो. हा ‘मूल्याधारित कर’ होय. महाराष्ट्रात पेट्रोलवर दोन्ही पद्धतींचा संयोग आढळतो. जुलै २०२४ पासून राज्यभर २५ टक्के व्हॅट आणि त्याशिवाय लिटरमागे ५.१२ रुपये अशी आकारणी लागू झाली.

पुढील उदाहरण समजून घ्या. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत.

मूळ किंमत व वाहतूक : ५६ रुपये
उत्पादन शुल्क व उपकर : २० रुपये
विक्रेत्याचे कमिशन : ४ रुपये
बेरीज : ८० रुपये
व्हॅट (८० रुपयांवर २५ टक्के) : २० रुपये
राज्याचा ठरावीक कर : ५ रुपये
किरकोळ दर : १०५ रुपये

आता मूळ किंमत ४ रुपयांनी वाढली असे माना. बेरीज ८४ रुपये, व्हॅट २१ रुपये आणि किरकोळ दर ११० रुपये होईल. ४ रुपयांची वाढ ग्राहकापर्यंत येताना ५ रुपयांची झाली. उत्पादन शुल्कावरही व्हॅट आकारला जातो, म्हणजे करावर कर बसतो, हेही या मांडणीतून ध्यानात येईल.

४.३ प्रदेशानुसार तफावत

(अ) अंतर : साठवण केंद्रापासून पंप जितका दूर, तितका वाहतूक खर्च अधिक. परभणी हे याचे परिचित उदाहरण आहे. मनमाडजवळील पानेवाडी येथील केंद्रातून सुमारे तीनशे किलोमीटर अंतरावर टँकरने इंधन न्यावे लागत असल्याने परभणीचे दर राज्यात सर्वाधिक दरांपैकी राहिले आहेत. एकाच गावातील दोन पंपांवरील दरांत काही पैशांचा फरक दिसतो, त्याचेही एक कारण प्रत्येक कंपनीचे साठवण केंद्र वेगळ्या ठिकाणी असणे हे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूक आकारणीची फेररचना केली. तिचा उद्देश दूरच्या भागांवरील हा भार कमी करण्याचा होता.

(आ) राज्याचा कर : अंतरामुळे पडणारा फरक बहुधा पैशांत किंवा एक-दोन रुपयांत असतो, तर करामुळे पडणारा फरक अनेक रुपयांचा असतो. मुंबई व दिल्ली यांच्या दरांतील तफावतीचे मुख्य कारण हेच आहे. दिल्लीत पेट्रोलवरील व्हॅट १९.४० टक्के होता, तर महाराष्ट्रात २५ टक्के आणि वर ठरावीक रक्कम.

पलूसच्या वाचकाला याचा प्रत्यय जवळच येतो. मिरज तालुक्यातील म्हैसाळ ओलांडले की कर्नाटकातील कागवाड लागते आणि दर बदलतो. १५ जून २०२४ रोजी कर्नाटकाने पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के व डिझेलवरील १४.३ वरून १८.४ टक्के केला. परिणामी तेथे पेट्रोल व डिझेल दोन्ही सुमारे तीन रुपयांनी महागले. सीमेपलीकडे डिझेल स्वस्त मिळण्याचा लाभ त्यामुळे बराच घटला.

त्यानंतर १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्राने पेट्रोलवरील व्हॅट २६ वरून २५ टक्के आणि डिझेलवरील २४ वरून २१ टक्के केला. परंतु ही कपात मुंबई, ठाणे व नवी मुंबई या क्षेत्रापुरतीच होती. उर्वरित महाराष्ट्रात हे दर आधीपासूनच २५ व २१ टक्के होते. ‘राज्यात इंधन स्वस्त’ एवढेच वाचणाऱ्या पलूसच्या ग्राहकाच्या पदरात त्यातून काहीही पडले नाही. करविषयक बातमी वाचताना ती कोणत्या क्षेत्राला लागू आहे, हे प्रथम पाहावे.

(इ) तफावत टिकून का राहते? : समजा, पन्नास किलोमीटरवर पेट्रोल ५ रुपयांनी स्वस्त आहे. लिटरला ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीला जाऊन-येऊन २ लिटर, म्हणजे दोनशेहून अधिक रुपयांचे पेट्रोल लागेल. १० लिटरमागे वाचतील केवळ ५० रुपये. याउलट, मालवाहतुकीसाठी सीमा ओलांडणारच असलेल्या ट्रकचालकाला शेकडो लिटरच्या टाकीवर खरा फायदा होतो. म्हणजे स्वस्त दराचा पर्याय सर्वांना सारखा उपलब्ध नसतो.

४.४ काळानुसार तफावत

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. ते डॉलरमध्ये विकत घ्यावे लागते. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल असते. डॉलरचा भाव ८५ रुपये धरल्यास पिंपामागे १ डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे सुमारे ५३ पैशांची वाढ होय. तेलाची किंमत ८० डॉलरवर स्थिर असताना रुपया डॉलरमागे १ रुपयाने घसरला, तरी लिटरमागे सुमारे ५० पैसे वाढतात.

पेट्रोलचे दर २६ जून २०१० पासून, तर डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर दररोज दर ठरविण्याची पद्धत आली. मात्र जागतिक भाव आणि पंपावरील दर नेहमी बरोबरीने चालले असे नाही.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात कच्चे तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास घसरले. परंतु केंद्राने मार्च व मे २०२० मध्ये मिळून उत्पादन शुल्क पेट्रोलवर १३ आणि डिझेलवर १६ रुपयांनी वाढविले. घसरणीचा लाभ ग्राहकाऐवजी सरकारी तिजोरीला मिळाला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवरील शुल्क ५ रुपयांनी, तर मे २०२२ मध्ये ८ रुपयांनी कमी करण्यात आले.

दुसरीकडे, नोव्हेंबर २०२१ च्या प्रारंभापासून साडेचार महिने कंपन्यांनी दर बदलले नाहीत. दरम्यान पाच राज्यांत निवडणुका झाल्या आणि युक्रेन युद्धामुळे कच्चे तेल शंभर डॉलरच्या पुढे गेले. २२ मार्च २०२२ पासून मात्र दोन आठवड्यांत पेट्रोल सुमारे १० रुपयांनी महागले. नियंत्रणमुक्ती कायद्याने झाली तरी व्यवहारात दर अनेकदा रोखून धरले जातात, हे यावरून दिसते.

४.५ कराचा पैसा कोणाकडे जातो?

केंद्राने गोळा केलेल्या करातील ठरावीक हिस्सा राज्यांना मिळतो. मात्र संविधानाच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर व अधिभार या वाटपातून वगळलेले आहेत. पेट्रोलवरील केंद्रीय आकारणीचा मोठा भाग याच स्वरूपाचा असल्याने राज्यांना त्यातून अल्प रक्कम मिळते. म्हणून राज्ये व्हॅट सहजासहजी सोडत नाहीत.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा पेट्रोल व डिझेल त्याच्या आकारणीबाहेर ठेवले गेले. ते या कराखाली आणल्यास राज्याराज्यांतील करांची तफावत बरीचशी नाहीशी होईल, हे खरे. परंतु स्वतः दर ठरविता येईल असे राज्यांकडे उरलेले एक प्रमुख उत्पन्नसाधनही त्याबरोबर जाईल. स्वस्त इंधन आणि राज्याची आर्थिक स्वायत्तता यांच्यातील हा पेच आहे.

४.६ सारांश

अंतरामुळे पेट्रोलच्या दरात बहुधा पैशांचा फरक पडतो आणि राज्यांच्या करांमुळे रुपयांचा. काळानुसार होणारा बदल कच्च्या तेलाची किंमत, रुपयाचा विनिमय दर आणि केंद्राचे शुल्क यांवर अवलंबून असतो. दरफलकावर आकडा एकच दिसतो. त्यामागे बाजाराचे आणि शासनाचे स्वतंत्र निर्णय असतात.

४.७ स्वाध्याय

१. विशिष्ट कर व मूल्याधारित कर यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. विभाग ४.२ मधील उदाहरणात वाहतूक खर्च ४० पैशांनी वाढल्यास किरकोळ दर किती वाढेल? (उत्तर : ५० पैसे)
३. ‘शुद्धीकरण कारखान्याजवळ पेट्रोल स्वस्त असते.’ या विधानाचे परीक्षण करा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पंपांवरील दर सलग पंधरा दिवस नोंदवा. आढळलेल्या फरकाची कारणे या घटकाच्या आधारे लिहा.